उडी मारायची नाही

गाडी पडली तेव्हा ती कोंबडीच्या चालीनेही चालली नव्हती.

नेलिमाला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी एवढंच आठवायचं... बुनासेकेचा गुरुवारचा बाजार, कोबीच्या ढिगाला वळसा घालायला तिने हँडल फिरवलेलं, आणि गाडी एका बाजूला कलायला लागलेली. अगदी सावकाश. इतकी सावकाश, की घाबरायला भरपूर वेळ मिळाला. आणि पुढच्या क्षणी ती स्वतः डावीकडे चिखलात उभी होती, तर दवाखान्याची नवीकोरी लाल मोटरसायकल उजवीकडे कोबीवर आडवी.

समोरच्या थांब्यावरचे सगळे बोडावाले एकदम हसले. भाड्याने मोटरसायकली चालवणारी ही जमात तशीही हसायला निमित्तच शोधत असते.

“मुसावो, कोबीला टोचताय की काय?” कुणीतरी ओरडलं. डोंगरात दवाखान्यातल्या प्रत्येकाला मुसावोच म्हणतात. मग तो डॉक्टर असो, नाहीतर नेलिमासारखी बाळांना लस देणारी नर्स.

एकजण मात्र हसला नाही. उंच, काटकुळा, अंगात विटकं हिरवं जाकीट. तो आला, वाकला, आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग किल्ली फिरवली, आणि त्यानंतर कुठे त्याने मान वर करून नेलिमाकडे पाहिलं.

“लागलं का?”

“आधी गाडी आणि मग माणूस?” नेलिमा फणकारली. आवाज कापत होता, म्हणून जरा जास्तच फणकारली.

“माणूस उभा दिसला, गाडी आडवी दिसली. आणि पेट्रोल सांडत होतं, मुसावो. तिथे बघा.”

चार पावलांवर एक म्हातारी निखाऱ्यांवर कणसं भाजत बसली होती.

त्याने गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर टेकवली आणि उलट्या पावलांनी रेटत तिला सहज उभी केली. मग कोबीचा एक चिखलाने माखलेला गड्डा उचलून विकणारीच्या हातात दिला.

“हा चपटा झालेला आता तुम्ही दोघं मिळूनच खा!” ती बाई म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

“मी मागोमू,” तो हलकेच म्हणाला. “आणि एक सांगू? तुम्ही पडला नाहीत. तुम्ही उडी मारलीत.”

“काहीतरीच!”

“बघत होतो ना मी. गाडी पडायच्या आधीच तुम्ही उतरला होतात.”

तो बघत होता हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की नेलिमाने नजर वळवून हँडल हातात घेतलं. ती गाडी ढकलत दवाखान्याकडे निघाली. बसून नाही. तेवढा धीर आता तिच्यात उरला नव्हता.

धीर नसून चालणार नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ही गाडी नेलिमानेच मागितली होती. वरच्या माशिकाच्या कड्यावर चार वाड्या, तिथून खाली दवाखान्यात यायला पाठीवर पोर बांधून तीन तास उतरायचं. निम्म्या आया येतच नसत. म्हणून तिने जिल्ह्याला अर्ज केला: मला मोटरसायकल द्या, मीच वर जाऊन लस देते. येते का चालवता, असं त्यांनी विचारल्यावर बिनदिक्कत लिहून दिलं: येते. मैदानात दोन फेऱ्या मारल्या म्हणजे चालवता आली, असं तिला तेव्हा खरंच वाटलं होतं. आता पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याहून काकाई मॅडम येणार होत्या. लसींची पेटी आणि मागे एक माणूस घेऊन नेलिमा कड्यावर चढली, तर गाडी इथे राहणार. नाही चढली, तर गाडी खालच्या सपाटीवरच्या दवाखान्याला जाणार. कड्यावरच्या आयांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं की यापुढे तुम्ही उतरू नका, मी येते.

आणि कड्याच्या वाटेवर ते फणसाचं वळण होतं. डावीकडे सरळ दरी, उजवीकडे मातीची भिंत आणि मधे एवढासा रस्ता. तिथे वेगात जाताच येत नाही. तिथे हळूच जावं लागतं, आणि नेलिमाला भीती हळू जाण्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती शाळेच्या मैदानावर गाडी ढकलत आली, तर मागोमू तिथे उकडलेल्या शेंगा सोलत बसलेला.

“तुम्हाला कुणी बोलावलं?”

“कुणी नाही. मला इथे बसून शेंगा खायला आवडतं.”

“रोज?”

“आजपासून.”

नेलिमाने हसू दाबलं. मग गाडी चालू केली, दहा हात गेली, वळायला लागली, आणि... डावीकडे उभी राहिली. गाडी उजवीकडे आडवी.

तो शेंगा ठेवून उठला. “एक विचारू? लहानपणापासून बोडावर कशा बसत आलात?”

“कशी म्हणजे? बाईमाणसासारखी. दोन्ही पाय डावीकडे सोडून.”

“आणि गाडी हळू झाली, डगमगली, की काय करता?”

गाडी डगमगली की उतरायचं! हे काय विचारायचं झालं? आईने तिला शिकवलं होतं, आईला आजीने. चढावर, चिखलात, वळणावर, बोडावाल्याची वाट बघू नकोस, पाय टेक आणि बाजूला हो. डोंगरातली बाई गाडी थांबायच्या आधीच जमिनीवर असते.

“तुम्ही अजून मागेच बसलाय, मुसावो,” मागोमू म्हणाला. “हात तेवढे पुढे आलेत.”

कळलं, पण कळून काय उपयोग? डोक्याला पटत होतं, पायांना कोण सांगणार? शनिवारी ती सहा वेळा पडली, रविवारी चर्च सुटल्यावर चार वेळा. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, कोपर सोलवटलं. दर वेळी तेच व्हायचं. वेग उतरायचा, हँडल जड व्हायचं आणि पाय आपले आपण निघायचे. मागोमू शेजारून धावायचा, एक हात मागच्या कडीला. तिला मात्र त्याने कधी बोटही लावलं नाही.

“उडी मारायची नाही... नाही... नाही हं—”

आणि ती उभी असायची. डावीकडे.

“भीती नक्की वाटते कुठे?” एकदा त्याने विचारलं.

“गुडघ्यांत.”

“मग गुडघ्यांनीच टाकीला धरा. घट्ट. ज्याला धरलंय, त्याला सोडून पळता येत नाही.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आत्ताच सुचलं.”

“वाटलंच!” ती म्हणाली. पण गुडघे आवळले. आणि त्या वळणावर... गाडी हलली, डुलली... आणि गाडी वळून सरळ झाली. नेलिमा ओरडलीच. मागोमू धावता धावता इतका हसला, की अडखळून स्वतःच गवतात लोळला.

“आज पडायची पाळी माझी,” तो पडल्या पडल्या म्हणाला. त्याच्या पापण्यांना गवताचं कुसळ चिकटलं होतं. ते काढावंसं नेलिमाला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही तिला भीती वाटली.

थांब्याचा चेअरमन गिदुदू हा सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारा माणूस. सोमवारी पोराला लस द्यायला दवाखान्यात आला आणि डोळे मिचकावून म्हणाला, “मास्तर बरा शिकवतो ना? जपून हं मुसावो. त्याच्या गाडीवर कॉफीचं पोतं बसेल, केळीचा घड बसेल, बकरी बसेल. बाई बसायची नाही.”

“का बरं?”

“बायका फार बोलतात म्हणतो. वर्षभर एकीलाही घेतलं नाही त्याने.”

नेलिमाने ते हसण्यावारी नेलं. पण मंगळवारी शिकवणी संपताना पाऊस आला. तिने दवाखान्याची गाडी शाळेच्या पडवीत लावली. तिची खोली दोन मैल खाली, अंधारून आलेलं, आणि मागोमूची गाडी समोर उभी.

“सोडता मला?”

त्याचा चेहरा बघता बघता बदलला. “चालत जाऊ. मी येतो बरोबर.”

“पावसात? तुमची गाडी असताना?”

“...हो.”

आणि तो खरोखरच चालला! दोन मैल, चिखलातून, स्वतःची गाडी हाताने ढकलत. जाकीट काढून त्याने तिच्या डोक्यावर टाकलं होतं, स्वतः निथळत होता. रागाने नेलिमाला रडू येत होतं, आणि त्या रागातही तो आपल्या पावलाला पाऊल जुळवून चालतोय, दरीच्या बाजूने स्वतः चालतोय, हे तिला दिसत होतं.

“मी बकरीपेक्षा वाईट आहे का?” दाराशी पोचल्यावर तिने विचारलं.

“मुसावो... विचारू नका.”

“बरं. नाही विचारत.” तिने जाकीट त्याच्या हातात कोंबलं आणि दार लावून घेतलं. बुधवारी, गुरुवारी ती मैदानात एकटीच फिरली. शेंगा खायला कुणी आलं नाही. वळणं जमत होती, म्हणजे कोरड्यात, सपाटीवर, मागे कुणी नसताना.

शुक्रवारी सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की बाजारातल्या छपरांचे पत्रेही दिसत नव्हते. वर भुरभुर पाऊस. काकाई मॅडम छत्रीखाली उभ्या होत्या, बुटकी, कोरडी, मोजकं बोलणारी बाई. त्या स्वतः गिदुदूच्या बोडावर बसून मागून येणार होत्या.

“तुमच्या मागे कोण बसतंय?” त्यांनी विचारलं.

गावची आरोग्यसेविका नाबुक्वासी बसायची ठरली होती. ती दोन पावलं मागे सरकली. “मला माफ कर गं पोरी. मला चार लेकरं आहेत. तुला मी बाजारात बघितलंय.”

“दुसरं कुणी?” नेलिमा थांब्याकडे वळली. नेहमी वाचाळ असणारे सगळे बोडावाले आपापल्या बुटांकडे बघत होते.

“बाईच्या बसण्याने बसणारं कुणीतरी हवं,” काकाई मॅडम म्हणाल्या. “तुमच्या गाडीवरून गरोदर बायका खाली यायच्या आहेत. त्या काही पुरुषांसारख्या पाय फाकवून बसणार नाहीत. नसेल कुणी, तर मी तसं लिहिते.”

त्यांनी पेन काढलं. नेलिमाला वाटलं, संपलं. आणि लाज वाटत असतानाही तिला खोल कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, की बरं झालं, आता त्या वळणावर जावं लागणार नाही.

“मी बसतो.”

विटकं हिरवं जाकीट गर्दीतून पुढे आलं. मागोमूने लसींची पेटी उचलून मांडीशी धरली आणि साऱ्या थांब्यादेखत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, नव्या नवरीसारखा नेलिमाच्या मागे बसला.

जो हशा उसळला तो धुक्यातही वरच्या कड्यापर्यंत गेला असेल. “झगा सावर गं!” “घोळ चाकात जाईल, बाई!” मागोमूने कुणाकडे पाहिलं नाही.

“टांग टाकून सरळ बसा ना निदान,” नेलिमा कुजबुजली. “डावीकडे दरी आहे. मी जर... मी जर उडी मारली तर...”

“तर मी खाली. म्हणून मारायची नाही. चला, मुसावो.”

ती निघाली. चढ सुरू झाला, घरं संपली, धुक्यात केळीची पानं तेवढी ठिबकत होती. मागे गिदुदूच्या गाडीचा आवाज. नेलिमाचे हात हँडलवर आखडले होते.

“बोलत राहा,” ती म्हणाली. “काहीही बोला. नाहीतर मी भीतीनेच मरेन.”

तिच्या कानामागून आवाज आला, अगदी हळू.

“गेल्या साली कॉफी तोडणीच्या दिवसांत मी खालायी मास्तरीणबाईंना वर नेत होतो. याच वाटेने. फणसाच्या वळणावर चिखल होता, म्हणून गाडी हळू घेतली. माणूस चालतो ना, तेवढीच. गाडी जराशी डुलली... आणि त्या उतरल्या. सगळ्या बायका उतरतात तशा, डावीकडे. पण डावीकडे रस्ताच नव्हता.”

नेलिमाने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

“आणि त्यांच्यावर माझी गाडी. मांडीचं हाड मोडलं. वाचल्या. आता लंगडतात. म्हणतात, मागोमू, तुझी काही चूक नव्हती. पण माझ्या गाडीवर बाई बसली, की मला ते दिसतं. तेव्हापासून पोतीच नेतो.”

“मग आज का बसलात?”

समोर धुक्यातून फणसाचं झाड पुढे आलं होतं.

नेलिमाने पहिला गियर टाकला. गाडी रांगायला लागली. रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. पुढचं चाक एका ओल्या दगडावर चढलं, घसरलं, आणि गाडी कलायला लागली. डावीकडे, दरीकडे. अगदी सावकाश.

उजवीकडे मातीची भिंत होती, हाताच्या अंतरावर. एक उडी, आणि ती सुरक्षित! तिचा उजवा पाय पायदानावरून सुटलाही. त्याच क्षणी तिच्या पाठीवरचा कोट कुणीतरी मुठीत धरला. ती मूठ थरथरत होती. या माणसाला, डोंगरातल्या रीतीने सुंतेच्या सुरीपुढे न हलता उभं राहून पुरुष झालेल्या या माणसाला, तिच्याइतकीच भीती वाटत होती. आणि तो उतरला नव्हता. अजूनही उतरत नव्हता.

“हलू नकोस!” ती किंचाळली. “मागोमू, हलू नकोस!”

तिने गुडघे टाकीवर आवळले, इतके की दुखले. डावा पाय खाली टाकला. अर्धा बूट काठावरच्या गवतावर टेकला, अर्धा नुसताच हवेत. सुटलेला उजवा पाय परत नेऊन मागचा ब्रेक दाबून धरला. गाडी तिच्या एका पायावर तोलून उभी राहिली. एक श्वास. दोन श्वास. एक ढेकूळ सुटून खाली गेलं, त्याचा आवाजही आला नाही. मग तिने क्लच अर्धा सोडला, हँडल भिंतीकडे वळवलं आणि इंजिनाला जोर दिला. मागचं चाक फिरलं, चिखल उडाला, चाकाने पकड घेतली...

आणि वळण मागे पडलं.

वर पोचेपर्यंत कोटावरची मूठ सुटली नाही.

कड्यावर धुकं नव्हतं. झाडाखाली, पडवीत, मिळेल तिथे आया पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या. नेलिमाने गाडी स्टँडवर लावली. काकाई मॅडम गिदुदूच्या गाडीवरून उतरल्या, त्यांनी छत्री झटकली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “गाडी इथेच राहील. पुढच्या वेळी थोडं लवकर निघत जा.” एवढंच.

गिदुदू मागोमूकडे बघत होता. “काय रे, तोंडाला राख फासलीस की काय?”

“घाबरलो होतो,” मागोमू म्हणाला.

मोठ्याने, सगळ्यांदेखत. रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. या डोंगरात पुरुष असं बोलत नाहीत, निदान दारू न पिता तरी नाहीत.

“तू?” गिदुदूने आ वासला. “इम्बालूच्या सुरीपुढे तुझी पापणी हलली नव्हती. मी होतो ना तिथे!”

“तेव्हा माझंच कातडं जाणार होतं.” त्याने नेलिमाकडे बोट दाखवलं. “ही पडली असती तर?”



सगळ्या पोरांना टोचून होईपर्यंत दुपार झाली. मागोमू एका दगडावर बसून पेटीतल्या बाटल्या नेलिमा मागेल तशा देत होता. शेवटचं रडणारं पोर आईच्या पाठीवर गेलं, तेव्हा नेलिमा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“त्या पावसात मला का नाही बसवलंस? खालायीबाईंचं मला सांगितलं असतंस, तर मी समजले असते.”

“सांगायची लाज वाटली. आणि तुला तर मी मुळीच बसवलं नसतं.”

“का?”

“आता सगळं बोलायलाच लावणार का तू?” त्याने मान खाली घातली, मग वर केली. “कारण तू मला आवडतेस. पहिल्या दिवशी, चिखलात उभी राहून माझ्यावर खेकसलीस ना, तेव्हापासून. तुला काही झालं असतं तर मी जन्मात पुन्हा गाडीला हात लावला नसता. झालं. आता हस हवं तेवढं.”

नेलिमा हसली नाही. तिला वाटलं, गाडी पुन्हा कलतेय, तितकीच सावकाश, आणि या वेळी धरायला टाकी नाही. पळून जावं असं क्षणभर वाटलंही. मग तिने खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“मलाही तू आवडतोस. आणि खाली जाताना तू चालवायचीस. मी मागे बसणार.”

त्याचा हात मिटेना. “नेलिमा... ते वळण...”

“तिथूनच जायचंय. दुसरा रस्ता कुठाय?”

तो उठला. गाडीवर बसला, किल्ली लावली, आणि नुसताच बसून राहिला. नेलिमा मागे आली. क्षणभर थांबली. मग तिने झगा गुडघ्यांपर्यंत वर खोचला आणि गाडीवर टांग टाकून बसली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. असं बसलं की वाटेत पटकन उतरता येत नाही. रांगेतल्या एका म्हातारीने “अगं बाई!” म्हणत तोंडावर हात ठेवला.

मागोमूच्या पाठीतली धडधड तिला जाकिटातूनही कळत होती.

“भीती वाटतेय?” त्याने मान न वळवता विचारलं.

“खूप. तुला?”

“खूप.”

तिने दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले. गिदुदूदेखत, काकाई मॅडमदेखत, सगळ्या आयांदेखत. मागोमूने क्लच सोडला.